एका चुलीचा दाखला

रत्नागिरीच्या कचेरीबाहेर, फणसाच्या झाडाखाली, मी एकवीस वर्षे टेबल मांडून बसत आलो आहे. टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे त्याखाली जांभ्या दगडाची चीप सरकवलेली आहे. त्याखेरीज माझ्या व्यवसायात उणे असे काही नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आठवीच्या हजेरीपटावर माझे नाव होते, वर्गात मी नव्हतो. तथापि काळे डगले घालणारी मंडळीही कठीण मसुदा असला की दुपारी, गर्दी ओसरल्यावर, माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी कोणत्याही बुधवारी तीन वाजता येऊन पाहावे.

अर्ज लिहिणे म्हणजे कागद काळा करणे नव्हे. अर्जाला तीन अंगे असतात. आधी हकीकत, म्हणजे काय घडले ते. मग कारणे, म्हणजे घडले त्यावरून न्याय्य काय ठरते ते. शेवटी विनंती. माझे गुरू, जे याच झाडाखाली माझ्या आधी बसत, ते आणखी एक गोष्ट सांगत: अर्जाला दाखला जोडावा. पूर्वी असे कोणाच्या बाबतीत घडले होते, हे दाखवता आले की साहेबाचा हात सही करायला धजतो. दाखला नसलेला अर्जदार दारात उभा राहिला तर साहेबाला वाटते, हा कोण नवीनच प्राणी.

हे सारे मी इतरांच्या कामी वापरले. स्वतःच्या आयुष्याचा दाखला मात्र मला कधी मिळाला नव्हता. मी पुरुष असून माझा जीव एका पुरुषावर जडलेला आहे. तो एस.टी.त कंडक्टर आहे. राजापूरच्या गाडीवर असतो. दर शनिवारी संध्याकाळी तो माझ्या खोलीवर येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने ड्यूटीवर जातो. घरमालकीणबाईंना मी पहिल्याच शनिवारी सांगितले होते की हा माझा मावसभाऊ. अकरा वर्षे त्या त्याला ‘तुमचे मावसभाऊ’ म्हणत होत्या. या जिल्ह्यात, किंबहुना खंबाटकी घाटाच्या अलीकडे, अशा प्रकारचे आम्ही दोघेच निपजलो आहोत, अशी माझी पक्की समजूत होती. आम्हांला मागे कोणी नाही आणि पुढेही कोणी नसेल, असे धरूनच मी जगत होतो.

आमचा जिल्हा तोडून त्याचे दोन जिल्हे झाले, त्याच्या मागोमागच्या वर्षांतली ही गोष्ट आहे. दिवाळी होऊन गेली होती. पूर्णगडच्या अलीकडल्या एका गावातून एक बाई माझ्या टेबलाशी आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, काजूच्या कारखान्यात बी फोडणारी. काजूच्या टरफलात एक तेल असते; ते कातडे जाळते. तिची दोन्ही हातांची बोटे पुढच्या पेरापर्यंत काळी पडून गुळगुळीत झाली होती.

“भाऊ, माजं घर जातंय,” ती म्हणाली.

मी तिला बाकावर बसवून हकीकत काढून घेतली. घर तिचे नव्हते. ते गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे होते. शिवणबाईने बापाकडून मिळालेल्या तुकड्यावर स्वतःच्या कमाईने ते बांधले होते. ती भाद्रपदात वारली. तिचा पुतण्या मुंबईस नोकरीला असतो. त्याने घराला आपले नाव लावण्यासाठी अर्ज दिला होता आणि या बाईला घर सोडण्यास सांगितले होते. तिला चौकशीची नोटीस आली होती.

“मयत बाईंशी तुमचे नाते काय?” मी विचारले.

“एकोणीस वर्सं एकत्र ऱ्हायलो आमी.”

“ते झाले वास्तव्य. नाते?”

“ती शिवायची, मी काजी फोडायची. ताप आला तर एकमेकीचं करायचं. भांडण झालं तर एकीनं पडवीत जाऊन झोपायचं. तीपण पहाटंपर्यंत टिकायची नाय थितं, थंडी वाजते म्हनून आत यायची.”

शेजारच्या टेबलावर स्टॅम्प विकणारे एक वृद्ध गृहस्थ बसतात. ते माझे सगळे ऐकतात आणि त्यात आपले बोट घालतात. ते हसून म्हणाले, “बाय, नवरा-बायकोच्या भांडणाची हकीकत नको. नातं काय ते सांग त्यांना.”

“तेच सांगतंय,” ती म्हणाली.

माझी लेखणी थांबली. तिने काय सांगितले ते त्या कचेरीच्या आवारात माझ्याइतके कोणालाच कळणे शक्य नव्हते. तिच्या डोळ्यांत पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मी कागदाकडे पाहिले आणि नात्याच्या जागी लिहिले: मयताची मावसबहीण.

अर्ज पुरा झाला की तो अर्जदारास शब्द न् शब्द वाचून दाखवावयाचा, मग ‘वाचून दाखविले, समजले, मान्य आहे’ अशी ओळ लिहून त्याखाली अंगठा घ्यावयाचा, हा गुरूंनी घालून दिलेला दंडक मी कधी मोडलेला नाही. त्याप्रमाणे वाचले. ती मधेच म्हणाली, “भैन नाय ती माजी.”

“कायद्याला बहीणच कळते.”

“कायद्याला कळत नसंल तर त्याला सांगायला नको?”

“सांगण्याचे काम माझे,” मी म्हणालो, “अंगठ्याचे तुमचे.”

तिने अंगठा दिला. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. कागदावर निळा ठिपका उमटला, त्यात काही नाही. मी तो तसाच साक्षांकित केला.

पंधरा दिवसांनी ती परत आली. बाकावर बसली नाही.

चौकशीत पुतण्याने साहेबांसमोर, गावच्या पाचजणांच्या देखत विचारले होते, “आत्याची मावसबहीण? माझ्या आजीला बहीणच नव्हती. हिची आय माझ्या आजीची कोण, ते सांगू दे हिला.” तिला सांगता आले नाही. माणसे हसली. मग त्याने अंगठ्याच्या ठिपक्याकडे बोट दाखवून विचारले, हा अंगठा तरी हिचा कशावरून? साहेबांनी बजावले की खोटे नाते लिहून देणे हा गुन्हा आहे. एक महिन्यात खरे काय ते लेखी सादर करावे, न केल्यास पुतण्याचे नाव लागेल आणि घर खाली करावे लागेल.

“खोटं तुमी लिवलंत,” ती म्हणाली, “न खोटारडी मी झाले. एकोणीस वर्सांत त्या गावात मला कोनी काय काय म्हनलं, पन खोटारडी नाय कोनी म्हनलं.”

स्टॅम्पवाले म्हणाले, “काय पंडित, आजीला बहीण होती का, एवढंच विचारायचं राहिलं वाटतं?”

मी तिला म्हणालो, “आठ दिवस द्या.” काय करणार होतो ते मलाही ठाऊक नव्हते. खरे नाते लिहावे तर त्याला शब्द नव्हता, दाखला नव्हता, आणि ज्याच्या हाताने ते लिहावयाचे त्याची छाती नव्हती.

त्याच दिवसांत मला कचेरीच्या आतून बोलावणे आले होते. जिल्हा विभागला गेल्यामुळे अभिलेखकोठडीतले जुने कागद निवडण्याचे काम चालू होते: दक्षिणेकडच्या गावांचे तिकडे पाठवावयाचे, आपले इथे ठेवावयाचे. कागद लाल फडक्यांत बांधलेले असतात. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. शेकडो रुमाल मोडीत लिहिलेले होते आणि आतल्या पदवीधर मंडळींपैकी एकालाही मोडी वाचता येत नव्हती. मला गुरूंनी शिकवली होती. ओळीची रेघ आधी ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरे तिला टांगत जातात. शिकलेल्याला ती लिपी धावत्या पाण्यासारखी वाचता येते, न शिकलेल्याला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. तेथील अभिलेखपाल, निवृत्तीला आलेले एक सालस गृहस्थ, बाहेर येऊन मला म्हणाले, “आपण जरा आत याल का?” आत मला खुर्ची देण्यात आली. ती हाताची खुर्ची होती.

माझे काम प्रत्येक कागदातून गावाचे नाव काढून सांगण्याचे. सहाव्या की सातव्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, एका रुमालातून तपकिरी पडलेला एक अर्ज निघाला. इंग्रजी अमलाच्या आरंभीचा असावा. तारखेचा कोपरा झिजला होता. गाव बुरोंडीच्या बाजूचे. गाव कळले तेव्हा माझे काम संपले होते. पण अक्षर इतके सुरेख होते की व्यवसायबंधू म्हणून मी पुढे वाचू लागलो.

अर्जदार दोघे होते. एक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य खलाशी. दुसरा होड्या बांधणारा सुतार. दोघे पुरुष. भिन्न गावचे, भिन्न जातींचे. त्यांची हकीकत अशी होती की कैक वर्षे ते एका खोपटात राहत आले, एका चुलीवर जेवत आले, आणि आता दोघांचीही वये झाली. तांडेलाच्या भावांचे म्हणणे होते की याच्या मागे होडी आणि खोपटे आमचे. अर्जदारांची विनंती होती की दोघांतला जो मागे राहील त्याला तेथून कोणी उठवू नये.

पुढे कारणे होती; ती मी खुर्ची उजेडाकडे ओढून वाचली.

तो लिहिणारा, माझा तो अनोळखी पूर्वज, लिहीत होता की दोन सख्खे भाऊ जेव्हा चूल वेगळी करतात तेव्हा सरकार त्यांना दोन कुटुंबे समजते; रक्त एक असूनही समजते. तेव्हा कुटुंब तोडण्याची सत्ता रक्ताची नव्हे, चुलीची आहे हे सरकारनेच मानलेले आहे. आणि चूल मोडून जर कुटुंब तुटत असेल, तर ज्या दोघांनी राजीखुशीने एक चूल मांडली आणि मरेतोवर ती मोडली नाही, त्यांचे कुटुंब झाले नाही असे कोणत्या न्यायाने म्हणावे? नात्याच्या जागी त्याने बंधू लिहिले नव्हते, स्नेही लिहिले नव्हते, चाकर लिहिले नव्हते. तेथे लिहिले होते: एका चुलीचे.

मी ते पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचले. ज्या समुद्रावरून मी रोज वारा घेतो त्याच समुद्राच्या काठाला, माझ्या पणजोबांच्याही आधी, दोन माणसे हातात हात घालून नसतील कदाचित, पण एकामागून एक पायवाटेने चालत एका अर्जलेखकाकडे गेली होती. त्याने त्यांना विचारले असेल, नाते काय? त्यांनी सांगितले असेल. आणि त्याने लेखणी थांबवली नव्हती! देवळाच्या गाभाऱ्यात माणसाला जे वाटावे असे ऐकून आहे, आणि जे मला तेथे कधी वाटले नाही, ते मला त्या धुळीच्या कोठडीत वाटले. मी एकटा नव्हतो. मी पहिला नव्हतो. मला पूर्वज होते. त्यांना होडी होती, खोपटे होते, आणि सरकारशी हुज्जत घालण्याची हिंमत होती.

खाली ‘वाचून दाखविले, समजले’ अशाच अर्थाची ओळ होती. तिच्याखाली अंगठे नव्हते. त्या काळी निरक्षर मनुष्य आपल्या धंद्याची निशाणी काढी: शेतकरी नांगर, बाई बांगडी. येथे तांडेलाने वल्हे काढले होते आणि सुताराने करवत. कागदावर जागा पुष्कळ होती. तरी करवतीचे टोक वल्ह्याला लागलेले होते.

वर कोपऱ्यात साहेबाचा हुकूम असावयाचा. तो कोपरा वाळवीने खाल्ला होता. त्यांचे पुढे काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही.

“काय हो, इतका वेळ?” अभिलेखपालांनी विचारले. “दक्षिणेचा की आपला?”

“आपला,” मी म्हणालो. “हा इथेच राहील.”

त्या रात्री जेवण गेले नाही. पहाटे दुसराच एक विचार येऊन मी उठून बसलो. तोवरच्या इतक्या वर्षांत माझ्या टेबलाशी काय ही एकच बाई आली होती? मला आठवू लागले. एक बागायतदार आणि त्याचा ‘सोबती’. दोन शिक्षिका. देवीला वाहिलेला, साडी नेसणारा एक जण, ज्याच्या अर्जात मी त्याला विचारल्याशिवाय ‘वेडसर’ असा शब्द घातला होता. मी त्यांना चुलतभाऊ केले, मैत्रिणी केले, नोकर केले, वेडा केले, आणि सरकारी शिक्क्याखाली रुमालात बांधून ठेवले. आणखी शंभर वर्षांनी माझ्यासारखा कोणी आपले माणूस शोधीत त्या कोठडीत आला, तर माझे सुवाच्य अक्षर वाचून त्याला काय कळेल? की इथे तसे कोणी नव्हतेच. त्याचे पूर्वज मी पुसले होते. आणि मी पुसले ते का? तर मला माझे ठाऊक नव्हते म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी स्टॅम्पवाल्यांना त्या कागदाचे सांगितले; स्वतःचे सांगितले नाही.

ते तपकीर ओढीत म्हणाले, “पंडित, दोघं गरीब असतील. दुसरी चूल परवडत नसेल. तुम्ही उगाच त्यात काव्य बघता.”

आक्षेप वजनदार होता, हे मी मान्य करतो. ते दोघे माझ्यासारखे होते असे शपथेवर सांगण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या अंथरुणाबद्दल त्या कागदात अक्षर नाही. पण गरिबीने मांडलेली चूल टिकवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी दोन दिवस चालत कचेरी गाठली नसती. आणि नवराबायकोच्या अर्जांतही अंथरुणाबद्दल अक्षर नसते, तरी ते नवराबायको नव्हते असे कोणी म्हणत नाही. मी हे स्टॅम्पवाल्यांना सांगितले. ते डबी मिटून म्हणाले, “हे मात्र अर्जात घाला.”

शनिवारी कंडक्टर आला. तो पायांतले बूट काढत असतानाच मी त्याला सर्व ऐकवले. तो थट्टेखोर माणूस आहे, पिशवीतली चिल्लर खुळखुळवीत म्हणाला, “बुरोंडीला? अरे, तिथं साधी गाडी वेळेवर जात नाही, आणि आपली माणसं एवढ्या आधी पोहोचली?” मोरीवर पाय धुताना त्याने पाठमोऱ्यानेच विचारले, “मग तू मला मावसभाऊ का म्हणतोस?”

रविवारी सकाळी मी त्याच्यादेखत दुसरा अर्ज लिहावयास घेतला. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम मसुदा आहे. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले की पूर्वीच्या अर्जात नाते चुकीचे नमूद झाले. अर्जदार बाईने वाचनाच्या वेळीच हरकत घेतली होती. चूक सर्वस्वी अर्जलेखकाची आहे. हे वाक्य मी चारदा खोडले आणि पाचव्यांदा राहू दिले. मग हकीकत: पडवीतल्या भांडणासकट. मग कारणे: चुलीची. ती मी त्या पूर्वजाकडून घेतली आणि तसे लिहिले. जुन्या अर्जाची मी मोडीतून बाळबोधीत उतरवलेली नक्कल अभिलेखपालांनी शिक्का मारून दिली. ती दाखला म्हणून जोडली.

बुधवारी बाई आली. मी प्रथम तिला जुना कागद वाचून दाखवला. ती काळी बोटे पदरात गुंडाळून ऐकत होती.

“बाप्ये व्हते दोगं?” तिने विचारले.

“होय.”

“असूंदे. चूल ती चूलच.” थोड्या वेळाने म्हणाली, “तिला कळायला पायजे व्हतं हे. ती म्हनायची, आपन दोगीच वेड्या या मुलखात.”

मी चष्मा पुसला. मग तिचा अर्ज वाचून दाखवला. नात्याच्या जागी ‘एका चुलीची’ असे ऐकल्यावर तिने मान हलवली. आता अंगठा. मी म्हणालो, “अंगठा नको. त्यांनी हरकत घेतलेली आहे. पूर्वीच्यासारखी निशाणी काढा. तुमच्या धंद्याची. मी खाली लिहून देतो की ती तुमच्या हातची आहे.”

लेखणी तिने चमच्यासारखी धरली. आधी काजूची बी काढली, देठाकडे वाकलेली. मग तिच्या शेजारी दोन रेघा आणि दोन वाटोळी कडी काढू लागली.

“हे काय?”

“कातर.”

“कातर तुमच्या धंद्याची नव्हे. निशाणी स्वतःची काढायची असते.”

“मग तिची कोन काढनार?” तिने मला विचारले.

मी कातर राहू दिली.

अर्जलेखकाने चौकशीला जाण्याचा प्रघात नाही. मी गेलो. साहेब देशावरचे, तरुण, नवे होते. त्यांनी अर्ज वाचला, नक्कल वाचली, पुन्हा अर्ज वाचला. पहिला परिच्छेद वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो. मग त्यांनी पुतण्याला विचारले, “आत्या आजारी असताना त्यांचं कोण करीत होतं?”

“हीच,” पुतण्या म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. गिरणीत नोकरी, चार दिवसांची रजा, आणि डोक्यावर गावकऱ्यांचे बोलणे. “मला घर विकायचं नाय सायेब. पन कागदावर आमचं नाव नको ऱ्हायला? लोक काय म्हनतील?”

साहेबांनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला नाही; त्याचे डोळे खालच्या निशाणीवर गेले. त्याने कातरीवर बोट टेकले.

“ही आत्याची कातर,” तो म्हणाला. “शाळेची चड्डी तिनंच शिवलीन माजी.” मग बाईकडे न पाहता म्हणाला, “कडी बरोबर काढलीस. एक बारीक व्हतं.”

“तुज्या आज्यानं आणलेली ती,” बाई म्हणाली. “आंगठा शिरायचा नाय तिचा.”

त्याने तेथल्या तेथे जबाब लिहून दिला: नाव वारस म्हणून आपले लागावे, मयताची एका चुलीची म्हणून सदरहू बाईने हयातीपर्यंत घरात राहण्यास आपली हरकत नाही. जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनाने ‘एका चुलीची’ या शब्दांपाशी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, “ते म्हणाले तसंच लिहा.”

त्यानंतर मी पुष्कळ वाचले. रुमालांचे काम संपल्यावरही अभिलेखपालांच्या परवानगीने सुट्टीच्या दिवशी आत बसत असे. सर्वच कागदांत आपली माणसे निघत नाहीत. शंभरांत एक निघतो आणि त्यातही अर्धा अंदाज असतो. अंदाजाला अंदाज म्हणावे, हे मी शिकलो. कारणे कशी बांधावीत हेही शिकलो, कारण नुसती हकीकत सापडून पुरत नाही. ते दोघे एकत्र राहत होते हे कळून बाईचे घर वाचले नसते. चुलीचा युक्तिवाद कोणीतरी डोके चालवून रचला होता, म्हणून वाचले. पुढे काही वर्षांनी वर्तमानपत्रांतून आमच्यासारख्यांसाठी एक शब्द छापून येऊ लागला, आणि तो एका भयंकर रोगाच्या बातमीत येऊ लागला. कंडक्टर तो अंक घेऊन घाबरून आला होता. मी त्याला म्हणालो, ही आपली हकीकत नव्हे. आपली हकीकत या छापखान्याहून जुनी आहे. ज्याने ती वाचलेली नाही, त्याच्याविषयी दुसऱ्याने काहीही लिहावे आणि त्याखाली त्याचा अंगठा घ्यावा. मी स्वतः तसा घेतला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

मोडी शिकण्यास सहा महिने पुरतात. कंडक्टरला चौदा लागले, कारण तो तिकिटांच्या पाठीवर गिरवीत असे.

तो लिहिता झाला तेव्हा आम्हीही आमचा कागद केला. एका पानाचा, कोठे सादर करण्यासाठी नव्हे. हकीकत त्याने लिहिली, कारणे मी. सह्या दोघांनाही येतात, तरी निशाण्या काढल्या: मी लेखणी, त्याने तिकिटाला भोक पाडण्याचा चिमटा. साक्षीला पूर्णगडच्या वाटेवरून बाईला बोलावले. घरमालकीणबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, “मावसभाऊ आज बुधवारी कसे?” मी म्हणालो, “ते मावसभाऊ नाहीत माझे.” “ते दिसतंच आहे की अकरा-बारा वर्षं,” त्या म्हणाल्या, “चहा किती जणांचा?”

चहा झाल्यावर, दंडकाप्रमाणे, मी कागद शब्द न् शब्द वाचून दाखवला. बाई डोळे मिटून ऐकत होती. नात्याची ओळ आली तेव्हा मी थांबलो नाही. वाचून संपले. तिने लेखणी चमच्यासारखी धरली, बी काढली, कातर काढली, एक कडे बारीक. कागदाला कसर लागू नये म्हणून मी घडीत वेखंडाचा तुकडा ठेवला.

“समजले? मान्य आहे?” मी विचारले.

“आता बरोबर लिवलंत,” ती म्हणाली.